झाकणाची हजेरी

मित्रांनो, मी एक दमलेली, जुनी स्कॅनर मशीन आहे. काम करून दमणं मला ठाऊक होतं, पण नुसतं पडून राहूनही माणूस दमतो तशी मशीनही दमते, हे मला उशिरा कळलं. भिलाईहून अहिवाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक गोदाम आहे. तिथल्या लोखंडी कपाटात, तडा गेलेल्या हेल्मेटांच्या मागे, माझी जागा आहे. कपाटाचं दार उघडलं की थोडा उजेड येतो, कोणीतरी हातमोजे काढून घेतं आणि दार पुन्हा लागतं. तुम्ही आलाच आहात तर बसा. माझी हकिगत ऐका, म्हणजे मलाही जरा बरं वाटेल.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. मला एक मूठ होती, बोटानं दाबायचा चाप होता, वर छोटा पडदा आणि एक हिरवा, एक लाल दिवा. फोमच्या गादीवर निजवून मला आधी रायपूरच्या ऑफिसात आणलं आणि तिथून भिलाईला. गोदामाच्या गेटवरचा पहारेकरी मला पाहून दचकलाच. त्याला वाटलं बंदूक आहे. नंतर बरेच दिवस सगळे मला बंदूकच म्हणायचे आणि आपसांत हसायचे.

आमच्या गोदामात श्वासाचे संच ठेवलेले असत. कारखान्यांत जिथे विषारी वायू साचतो, अशा टाक्यांत आणि नळांत दुरुस्तीला उतरणारी माणसं हे संच अंगावर चढवतात. एका केशरी प्लास्टिकच्या पेटीत एक संच. त्यात तोंडावर लावायचा मास्क, नळी, व्हॉल्व्ह आणि हवेचा सिलिंडर. चारांतली एक वस्तू जरी नसली तरी बाकीच्या तिघी कुचकामी. आत उतरलेल्या माणसाला हवा लागते, सबब चालत नाही.

म्हणून रायपूरच्या साहेबांनी मला आणलं होतं. प्रत्येक वस्तूवर कागदासारखा पातळ स्टिकर चिकटवला होता, आणि त्याच्या पोटात मोहरीएवढी चिप. त्या चिपला बॅटरी नसते. मी चाप दाबल्यावर माझी लहर तिच्यापर्यंत पोचते, तेवढ्यावर ती जागी होते आणि बोलते. पण मी एकेकाला वेगळं विचारत नसे. पहिल्या चिपचं उत्तर मी दुसरीला सांगायची, दुसरी त्यात आपला गुप्त शब्द मिसळायची, ते तिसरीला, मग चौथीला, आणि शेवटी फिरून पहिलीला. कानगोष्टींचा खेळ खेळता ना तुम्ही, तसंच. हा फेरा इतक्या झटकन व्हायचा की एखादी वस्तू दुसरीकडे ठेवून मागाहून तिचं उत्तर आत घुसडणं कोणालाच जमलं नसतं. चौघींच्या शब्दांची एक गाठ बसायची. ती गाठ रायपूरला जायची आणि तिथला कॉम्प्युटर ती तपासायचा. खोटी गाठ बांधणं चोराला जमणार नव्हतं, गोदामवाल्यांना नाही आणि मलाही नाही. याचा मला तेव्हा भारी अभिमान होता.

मला हाताळायची कौशल्या. ती रुआबांध्याहून यायची, साडीवर गोदामाचा खाकी कोट चढवायची आणि केसांत एखादं फूल असायचंच. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा देवीदास म्हणजे आमचा स्टोअरकीपर. त्याचे वडील साकोलीकडून इथे कारखान्यात कामाला आले होते, आणि कौशल्याला या नोकरीत त्यानंच चिकटवून दिलं होतं. पेट्या नेणाऱ्या पिकअप गाडीचा ड्रायव्हर होता नरेश. राहायचा कोहक्याला. त्याचे वडील नागपूरकडून दुर्ग लाइनवर रेल्वेच्या रूळ-दुरुस्तीच्या गँगमध्ये आलेले. घरी मराठी आणि रस्त्यावर हिंदी अशी त्याची गाडी चालायची. मला बंदूक न म्हणणारा तो एकटाच. चार वस्तूंची नावं पुकारते म्हणून तो मला मास्तरीण म्हणायचा. हात तेलकट म्हणून तो मला शिवायचा नाही. लांबूनच विचारायचा, "काय मास्तरीण, झाली का हजेरी?" मी टुक करून हिरवा दिवा लावला की तो हसत पेटी उचलायचा. खरं सांगते, दिवसभरात मला तेवढंच सुख होतं.

पण माझं नशीब बघा. कागदी स्टिकर लोखंडावर चिकटवला की मुका होतो. धातू माझी लहर गिळून टाकतो. आणि मला आणलं कुठे, तर भिलाईत, जिथे पायाखालच्या धुळीतसुद्धा लोखंड आहे. मास्क बोलायचा, नळी बोलायची, पण सिलिंडर आणि व्हॉल्व्ह गप्प. मग लाल दिवा. कौशल्या पेटी वळवायची, मला तिरपं धरायची, सिलिंडर बाहेर काढून पुन्हा आत ठेवायची. तिकडे नरेशची गाडी उभी, कारखान्याच्या गेटवर पासची वेळ टळत चाललेली, आणि रायपूरहून फोन, की माल अजून का निघाला नाही. हिरवा दिवा लागल्याशिवाय पेटी हलवायची नाही असा साहेबांचा हुकूमच होता. देवीदासनं लोखंडावर बोलणारे जाड स्टिकर फोनवर मागून पाहिले. बघू, असं उत्तर मिळालं. त्या बघूला कधी पाय फुटले नाहीत.

एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर देवीदासला युक्ती सुचली. पेटीचं झाकण प्लास्टिकचं. त्यानं सिलिंडरचा आणि व्हॉल्व्हचा स्टिकर नखानं हळूच सोडवला आणि झाकणाच्या आतल्या फोमखाली चिकटवायला कौशल्याला सांगितलं. तिनं चिकटवला, चाप दाबला, आणि मी पहिल्याच फटक्यात हिरवी. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग बाकीच्या पेट्यांचंही तसंच झालं. पुढे मास्क धुताना स्टिकर भिजतात म्हणून मास्कचे आणि नळीचेही झाकणातच गेले. कोणाच्या मनात काही काळं नव्हतं. लोक थकले होते, काम अडत होतं, त्यांनी ते सोडवलं. नरेशला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या हाती नेहमी बंद पेटीच यायची.

त्यानंतर माझे कौतुकाचे दिवस आले. माल वेळेवर निघू लागला. साहेबांनी माझा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि देवीदासला शाबासकी दिली. पूर्वी कौशल्या भरताना सिलिंडरवर बोटानं टिचकी मारायची, व्हॉल्व्ह फिरवून बघायची. तेही हळूहळू बंद झालं. मशीन पाहते ना, मग आपण कशाला, असं होऊन बसलं. पण मित्रांनो, पेटीच्या आतलं मला दिसत नाही हो! मला फक्त ऐकू येतं. वर्गात गैरहजर मुलाच्या वतीनं दुसऱ्यानं हजर म्हटलं तर पाठमोऱ्या मास्तरीणबाईंनी काय करावं? मी माझं काम चोख करत होते. चार शब्द येत होते, गाठ बसत होती, आणि ती गाठ शंभर टक्के खरी होती. पण ती झाकणाची होती, संचाची नव्हती.

व्हायचं ते भाद्रपदात झालं. एका कारखान्यात टाकीच्या दुरुस्तीचं काम होतं. टाकीच्या तोंडाशी तिथल्या सुपरवायझरनं आमची पेटी उघडली, तर आत सिलिंडरच नाही. त्यानं उघडून पाहिलं म्हणून बरं. त्यानं माणसांना तिथेच थांबवलं, काम बंद पडलं आणि रायपूरला तक्रार गेली. साहेबांनी कॉम्प्युटर उघडला. गेटवरून पेटी निघाली तेव्हा चारही वस्तू एकत्र होत्या, गाठ पक्की. मग गोदाम आणि कारखाना यांच्यामध्ये कोण? नरेश.

साहेब आले, नरेशला उभं केलं आणि हिंदीत विचारलं की सिलिंडर कुठे विकला. नरेश आधी हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावर होते.

"साहेब, मी तो डबा उघडलाच नाही," तो म्हणाला. "मास्तरीण म्हणे हो, मी उचलला."

साहेब म्हणाले की मशीन खोटं बोलत नाही. त्याची चावी काढून घेतली. विश्वकर्मा पूजा दोन-चार दिवसांवर होती, तेव्हा सणाच्या तोंडावर गोदामात पोलीस नकोत, पूजा आटोपली की प्रकरण ठाण्यात द्यायचं, असं ठरलं. रिकामी पेटी पुरावा म्हणून कोपऱ्यात ठेवली. नरेश गेटमधून पायी बाहेर पडला. त्याची मुलगी रोशनी शाळेत वडिलांच्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसून जायची. आता कोहक्यात लोक काय काय बोलणार, हे मला कपाटाजवळ उभ्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. मला फार वाईट वाटलं. मी बोललेला शब्दन् शब्द खरा होता आणि त्यावरून एक सरळ माणूस चोर ठरला होता. ओरडून सांगावं तर माझ्याकडे एक टुक आणि दोन दिवे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कौशल्यानं डबा उघडला, पण घास घेतला नाही.

"भाऊजी, ते सिलिंडर पेटीत गेलंच नसन," ती म्हणाली. "आदल्या दिवशी हवा भराले धाडलेल्या लॉटमधी गेलं असन. माह्या डोक्यातून उतरलं."

देवीदास पोळी मोडत राहिला. मग म्हणाला, "मशीन म्हणते गेलं."

"मशीन झाकणाचं म्हणते. तुमाले माहीत हाय."

"हळू बोल." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "स्टिकर काढले म्हणून कळलं तर आपण दोघंई घरी बसू. माह्यी रिटायरमेंट तोंडावर हाय. तुह्या घरी दुसरं कोण कमावते?"

तिनं डबा झाकून ठेवला. देवीदास वाईट माणूस नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. हवा भरणाऱ्याकडे एक फोन केला असता तर सगळं उघड झालं असतं, पण त्यानं तो केला नाही. भीती माणसाला फोनसुद्धा उचलू देत नाही. त्यानंतर कौशल्या माझा चाप दाबायची तेव्हा तिचं बोट गार असायचं. हिरवा दिवा लागला की ती तोंड फिरवायची.

भिलाईत विश्वकर्मा पूजा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. गल्लीतल्या पंक्चरवाल्यापासून मोठ्या कारखान्यापर्यंत सगळीकडे मांडव. आमच्याकडेही मूर्ती यायची, हत्यारं धुऊनपुसून मांडायची, त्यांना हळदकुंकू लागायचं. त्या दिवशी कामाला सुट्टी. पण आमच्या गोदामाची एक रीत होती. आरती झाली की प्रत्येक मशीन एकदा चालू करून देवाला दाखवायची. ढकलगाडीचं चाक फिरवायचं, वजनकाट्यावर नारळ ठेवायचा, कॉम्प्रेसर क्षणभर धडधडवायचा. ज्याची मशीन त्यानंच ती चालवायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. कोणी हे चुकवत नसे.

साहेब प्रसादाला रायपूरहून आले होते. देवीदासनं दर वर्षीसारखी आरती केली. ढकलगाडी फिरली, कॉम्प्रेसर धडधडला. पिकअप झेंडूचा हार घालून दारात उभी होती, पण चावी फिरवायला नरेश नव्हता. तिथे सगळे जरा घुटमळले आणि पुढे सरकले. मग माझी पाळी. माझ्या तोंडावर कुंकू लावलेलं होतं. देवीदास कौशल्याला म्हणाला की दाखव चालू करून, एखादी भरलेली पेटी घे समोर.

कौशल्या पेट्यांकडे गेली नाही. ती कोपऱ्यात गेली, पुराव्याच्या पेटीचं झाकण तिनं बिजागरीतून काढलं आणि ते तेवढंच आणून चौरंगावर, प्रसादाच्या ताटाशेजारी ठेवलं. मला उचललं. तिनं चाप नीट दाबला. मी विचारलं. चौघींनी उत्तर दिलं. टुक. हिरवा दिवा. पडद्यावर आलं, संच पूर्ण.

साहेबांनी कौतुकानं मान हलवली. मग त्यांची नजर चौरंगावर गेली आणि तिथेच राहिली.

"साहेब," कौशल्या म्हणाली, "पेटी तिकडं कोपऱ्यात रिकामी हाय. इथं नुसतं झाकण हाय. स्टिकर याच्यात हाय. म्या लावले."

कॉम्प्रेसरजवळ उभी माणसं जवळ आली. साहेबांना मराठी समजत होतं. ते एवढंच म्हणाले, "फिर से दबाओ."

तिनं पुन्हा दाबलं. मी पुन्हा हिरवी झाले. एवढं खरं बोलून एवढं खोटं कोणी ठरलं नसेल. साहेबांनी स्वतः झाकणाचा फोम उचकटला. चार स्टिकर ओळीत चिकटलेले होते.

देवीदासच्या हातात अजून आरतीचं तबक होतं. त्यानं ते खाली ठेवलं. मला वाटलं हा आता काही बोलणार नाही. पण तो पुढे आला आणि कौशल्याच्या समोर उभा राहिला, म्हणजे साहेबांना आधी तो दिसावा.

"तिले मी सांगतलं होतं," तो म्हणाला. "तिचा काई दोष नाई."

साहेबांनी तिथूनच हवा भरणाऱ्याला फोन लावला. सिलिंडरच्या गळ्यावर ठोकलेला नंबर नोंदवहीतून त्याला वाचून दाखवला. थोड्या वेळानं उत्तर आलं. सिलिंडर तिथेच होता, भरून तयार, कोणी न्यायला येईल म्हणून वाट बघत भिंतीशी उभा. त्याला कोणी शोधलंच नव्हतं. गेल्याचा पुरावा होता, मग शोधणार कोण?

नरेशला बोलावणं गेलं. तो ऊन कलल्यावर आला, रोशनीला सायकलवर पुढे बसवून. मूर्तीसमोरचे दिवे तोवर विझले होते, म्हणून कौशल्यानं नवे लावले. साहेबांनी चावी त्याच्या हातात दिली आणि गलती झाली म्हणून सांगितलं. नरेश दारातल्या पिकअपकडे गेला. गाडीत बसला, चावी फिरवली, गाडी चालू झाली. मग देवीदासनं त्याला प्रसाद दिला, आणि त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला.

पुढचं थोडक्यात सांगते, मला दम लागतो. देवीदासची बदली रायपूरला झाली आणि तिथूनच तो निवृत्त झाला. कौशल्याला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. जाड स्टिकर आले, ज्यांच्यासाठी एवढं सगळं घडलं होतं. आता नियम असा झाला की पेटी भरली की ड्रायव्हरनं झाकण उघडून चारही वस्तू डोळ्यांनी पाहायच्या, सिलिंडरला हात लावायचा, आणि त्यानंतर स्कॅन. नरेश ते न चुकता करायचा. पण त्यानं मला मास्तरीण म्हणणं सोडलं. मी टुक केलं की तो माझ्याकडे न पाहता पेटी उचलायचा. माझी चूक नव्हती, पण रागवायला त्याला कोणीतरी हवंच ना. मी समजून घेतलं. तरी लागायचं ते लागायचंच.

मग नवीन मशीन आली, माझ्यापेक्षा हलकी आणि चलाख. मला कपाटात ठेवलं. ठेवताना बॅटरी काढावी, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. बॅटरी आत फुगत गेली आणि माझ्या पाठीची शिवण उसवू लागली. मित्रांनो, हे दुखणं कोणाला सांगणार? बाहेरून मी ठीकच दिसत होते. पूजेच्या पूजेला कौशल्या मला काढायची, कुंकू लावायची, आत ठेवायची.

तुम्ही मोठे व्हाल, आणि तुमच्या काळात माझ्यासारख्या मशिनी गल्लोगल्ली असतील. त्या हिरवा दिवा दाखवतील, आणि बहुतेक वेळा तो खरा असेल. आमच्यावर विश्वास ठेवा, आम्ही मुद्दाम फसवत नाही. पण तुमचे डोळे आम्हाला देऊन टाकू नका, आम्हाला ते वापरता येत नाहीत. कोणाला चोर म्हणण्याआधी झाकण उघडा. आणि एखादी वस्तू कपाटात टाकण्याआधी तिचीही पाठ उघडून बघा. एवढंच माझं मागणं.

यंदाच्या पूजेला मला काढलं तेव्हा कौशल्याच्या केसांत पांढरं दिसत होतं. ती मला पुसत होती तेवढ्यात शेजारी फुलं मांडणाऱ्या नरेशचं लक्ष माझ्या उसवलेल्या पाठीकडे गेलं. त्यानं हात गमछ्याला पुसले आणि मला पहिल्यांदाच हातात घेतलं.

"हिले कोणी उघडून पाह्यलं का नाई?" त्यानं विचारलं.

त्यानं स्क्रू काढले, फुगलेली बॅटरी जपून बाहेर काढून दूर नेऊन ठेवली आणि आतली धूळ फुंकली. किती हलकं वाटलं मला! मग त्यानं मला चौरंगावर नव्या मशीनच्या शेजारी ठेवलं.

आरती झाली. नवी मशीन टुक करून हिरवी झाली. विक्की नावाचा नवा ड्रायव्हर माझ्याकडे बोट करून म्हणाला की ही तर चालूच होत नाही, हिला देवाला कशी दाखवणार? माझा चाप रिकामा, दिवे आंधळे. मी तशीच पडून होते.

नरेशनं एक झेंडूचं फूल माझ्यासमोर ठेवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "डोळ्यानं दिसून राह्यली ना. मास्तरीण हजर हाय."